रंगभवनानंतरचा मंच : उदयोन्मुख रॉक बँडच्या जाहीर सादरीकरणाची चिकित्सा

महाराष्ट्रातील महाविद्यालयीन कलाजीवनाचा विचार करताना एकांकिका स्पर्धांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १९६३ पासूनच्या पुरुषोत्तम करंडकाने रंगभूमीला नट, लेखक, दिग्दर्शक दिले. त्याबरोबर जाणकार प्रेक्षक व समीक्षेची परिभाषाही घडवली. महाविद्यालयांच्याच आवारात वाढलेल्या रॉक संगीताची दखल मात्र मराठी समीक्षेने क्वचितच घेतली. इंग्रजीतून गाणाऱ्या या तरुणांसाठी ‘अनुकरण’ हा एकच शब्द पुरेसा मानला गेला. तो सर्वस्वी चुकीचा नव्हता. परंतु अनुकरणातून बाहेर पडण्याची प्रक्रिया कोठे व कशी घडली, हा प्रश्न त्यामुळे विचारलाच गेला नाही.

या प्रक्रियेचा पूर्वेतिहास सिमला बीट स्पर्धेपर्यंत जातो. या स्पर्धेतील बँडच्या ध्वनिमुद्रिका १९७० व १९७१ मध्ये निघाल्या. १९७१ मध्येच लोणावळ्याजवळच्या मळवलीला ‘स्नेहयात्रा’ हा रॉक महोत्सव झाला. तथापि सातत्य आले ते १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’मुळे. धोबी तलावावरील रंगभवन या खुल्या नाट्यगृहाशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. १९७८ मध्ये सुरू झालेली जॅझ यात्राही याच वास्तूतली, हे येथे ध्यानात घ्यावे.

अशा मंचावर नवोदित बँडला जेमतेम अर्धा तास मिळतो. ड्रमसेट सर्वांसाठी एकच असतो, ध्वनिसंयोजनाची पूर्वतपासणी घाईत उरकली जाते आणि वादकाला स्वतःचा आवाज मॉनिटरमधून धड ऐकू येईलच याची शाश्वती नसते. या परिस्थितीचा परिणाम थेट रचनेवर होतो. संथपणे उलगडणारे गाणे मागे पडते. पहिल्या दहा सेकंदांत पकड घेणारी, वेगवान, मोठ्या आवाजाची रचना निवडली जाते. गायकाचे शब्द गिटारच्या भिंतीआड हरवतात, म्हणून शब्दांवर मेहनतही कमी होते. ज्याला ‘रॉकची आक्रमकता’ म्हणून गौरवले जाते, तिचा काही भाग तरी या अर्ध्या तासाच्या चौकटीने लादलेला आहे. (एकांकिकेलाही वेळेची मर्यादा असतेच, पण त्या मर्यादेवर तेथे निदान चर्चा होते.)

असे असूनही रंगभवनाचे महत्त्व कमी होत नाही. ते स्पर्धेत वा पारितोषिकात नव्हते. एकाच जागी, वर्षानुवर्षे, बऱ्याच अंशी त्याच श्रोत्यांसमोर पुन्हा उभे राहता येणे, हे त्याचे खरे बलस्थान होते. गतवर्षी ऐकलेला बँड यंदा काय घेऊन आला, अशी तुलना त्या गर्दीला करता येत असे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा संग्रह काढला आणि १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. हा बदल केवळ नावाचा नव्हता. आपण कोठले आहोत हे सांगण्याची निकड त्यात होती. ‘पेंटाग्राम’ने १९९६ च्या पहिल्या संग्रहातील रॉककडून २००२ च्या ‘अप’मध्ये इलेक्ट्रॉनिक ध्वनीकडे वळण घेतले. अशी वळणे श्रोत्याच्या स्मृतीवर विसंबून असतात. प्रथमच ऐकणाऱ्याला ती जाणवतच नाहीत.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० लागू झाल्यावर रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येऊ लागला. तेथील दिवसाची मर्यादा ५० डेसिबल. ड्रमसेट ध्वनिवर्धकाविनाही जवळून १०० डेसिबलच्या घरात जातो. एका बाजूला सेंट झेवियर्स महाविद्यालय, हाकेच्या अंतरावर कामा रुग्णालय, अशा जागी या संगीताचा टिकाव लागणे शक्य नव्हते. रुग्णाचा शांततेचा हक्क निर्विवाद आहे. परंतु महाविद्यालयाच्या सान्निध्यामुळे महाविद्यालयीन तरुणांचाच मंच गेला, हा विरोधाभास नोंदवावा लागतो. पर्यायी जागेची जबाबदारी कोणी घेतली नाही, हेही.

त्यानंतरची व्यवस्था सुबक आहे. मुंबईतील ‘ब्लू फ्रॉग’ने (२००७ ते २०१६) नेटकी ध्वनियोजना दिली, २०१० मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘एनएच७ वीकेंडर’ने अनेक मंच एकाच वेळी उभे केले. मात्र तिकिटाची किंमत व खाण्यापिण्याचा खर्च परवडणारा श्रोता वेगळा असतो. बहुमंचीय महोत्सवात नवोदितांच्या वाट्याला साधारणतः दुपारची वेळ येते. श्रोते तेव्हा मुख्य कलाकाराच्या प्रतीक्षेत या मंचावरून त्या मंचाकडे फिरत असतात. बँड ‘पाहिला’ जातो, ऐकला जातोच असे नाही. पुढील वर्षी त्याला पुन्हा बोलावले जाईल की नाही, हे आयोजक ठरवतो. गर्दीच्या आठवणीला त्यात स्थान नाही.

‘इंडिपेंडन्स रॉक’ २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा भरला, पण रंगभवनाबाहेर. जुन्या श्रोत्यांना त्याचे अप्रूप वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आज प्रथम वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या, नुकताच बँड जमवलेल्या विद्यार्थ्याला आपले दुसरे, तिसरे आणि पाचवे गाणे त्याच शंभर लोकांना कोठे ऐकवता येईल, याचे उत्तर त्या पुनरागमनात सापडत नाही.