मालवाहतूकदारांची ओळखचिन्हे : 'एससीएसी' संकेतपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
आपल्याकडे जागतिक व्यापाराची चर्चा प्रामुख्याने आयात-निर्यातीच्या आकड्यांतून होते. माल नेमका कोणी वाहून नेला, हे ज्या चिन्हांवरून ठरते त्यांच्याकडे वाणिज्याच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात 'स्टँडर्ड कॅरिअर अल्फा कोड' अर्थात 'एससीएसी' या पद्धतीचे गुणदोष तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

स्वरूप :
अमेरिकेतील नॅशनल मोटर फ्रेट ट्रॅफिक असोसिएशनने १९६०च्या दशकात, वाहतूक व्यवसायाच्या संगणकीकरणाच्या गरजेतून ही पद्धती सिद्ध केली. प्रत्येक वाहतूकदारास दोन ते चार रोमन अक्षरांचा संकेत मिळतो. काही अंत्याक्षरे राखीव आहेत : 'यू' कंटेनरसाठी, 'सी' चासीसाठी, 'एक्स' खाजगी मालकीच्या रेल्वे वाघिणींसाठी आणि 'झेड' ट्रेलरसाठी. एकच कंपनी निरनिराळ्या कार्यालयांत निरनिराळ्या नावांनी नोंदली जाण्याची अडचण यामुळे कमी झाली, हे या पद्धतीचे श्रेय निर्विवाद आहे.

मर्यादा :
पहिली मर्यादा रचनेची आहे. 'आयएसओ ६३४६' या मानकानुसार कंटेनरवर चार अक्षरे, सहा अंक आणि एक पडताळणी-अंक असतो. त्यामुळे लिहिण्यातील बहुतेक चुका गणितानेच उघड होतात. 'एससीएसी'मध्ये अशी सोय नाही. एक अक्षर चुकले तर दुसऱ्याच वाहतूकदाराचा संकेत तयार होऊ शकतो आणि ती चूक केवळ संकेत पाहून कळत नाही.

दुसरी मर्यादा अर्थाची आहे. बिल ऑफ लेडिंगवरील 'एमएईयू' हा संकेत मर्स्क ही वाहतूकदार कंपनी दर्शवितो. मात्र तोच माल 'टीआरएलयू' अक्षरांच्या पेटीत असू शकतो. ही पेटी ट्रायटन या भाड्याने कंटेनर देणाऱ्या कंपनीची होय. दोन्ही संकेत चार अक्षरांचे आणि 'यू'कारान्त आहेत. परंतु एक वाहतुकीची जबाबदारी सांगतो, तर दुसरा केवळ पेटीची मालकी. मालाचे नुकसान झाल्यास दावा कोणाकडे करावयाचा, या प्रश्नाचे उत्तर पेटीवर नव्हे, तर कागदपत्रांत शोधावे लागते.

तिसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. हा संकेत खाजगी संस्था अर्ज व शुल्क घेऊन देते आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. तो परवाना नव्हे. सुरक्षितता किंवा आर्थिक क्षमतेची ग्वाही तर नव्हेच. तथापि अमेरिकी सीमाशुल्क व्यवस्थेत तो आवश्यक ठरला आहे. २००२ मध्ये आलेल्या चोवीस तासांच्या नियमानुसार, अमेरिकेस जाणाऱ्या कंटेनरमधील मालाची माहिती परदेशी बंदरात जहाजावर चढविण्यापूर्वी चोवीस तास आधी द्यावी लागते. साहजिकच न्हावा शेवा येथून निघणारा मालही या अक्षरांच्या कक्षेत येतो.

समारोप :
ओळख आणि विश्वासार्हता या दोन भिन्न गोष्टी होत. 'एससीएसी' पहिली देते, दुसरी देत नाही. दोष संकेतापेक्षा त्याला प्रमाणपत्र समजणाऱ्या वाचनात अधिक आहे. म्हणूनच वाणिज्याच्या वर्गात निर्यातीची कागदपत्रे शिकविताना ती भरण्याची रीत सांगून थांबू नये. प्रत्येक संकेत कोणी दिला आणि तो कशाची हमी देत नाही, हेही विद्यार्थ्यांस विचारावयास शिकविले पाहिजे.