‘ऑनेस्ट’ आणि मराठी ऑथेल्लो

‘ऑनेस्ट’ हा इंग्रजी शब्द आपल्यासारख्या सरकारी चाकरीतील माणसांच्या नित्य परिचयाचा आहे. हाताखालच्या माणसाच्या गोपनीय अहवालात सचोटीचा रकाना भरताना तो मनात येतो आणि तेथे त्याचा अर्थ एवढाच की, हा मनुष्य लाच खात नाही. परंतु या शब्दाचा संसार पुष्कळच मोठा आहे. मूळ लॅटिनमध्ये त्याचे नाते मानप्रतिष्ठेशी. शेक्सपिअरच्या काळी तो सत्यवचनी माणसाला लागे, चोरी न करणाऱ्याला लागे, मनमोकळ्या सोबत्यालाही लागे. स्त्रीला लागला म्हणजे मात्र त्याचा अर्थ मुख्यत्वे ‘शीलवती’ असा होई. वरिष्ठाने कनिष्ठाची पाठ थोपटून म्हटलेला ‘भला गडी’ हाही त्याचाच एक अर्थ.

‘ऑथेल्लो’ नाटकात हा शब्द आणि त्याचे नाम मिळून ५२ वेळा येतात, याकडे विल्यम एम्पसन यांनी १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले. ही केवळ पुनरुक्ती नव्हे. नाटकाचा कणाच या शब्दात आहे. कॅसिओला बढती मिळाली आणि इयागो निशाणबरदारच राहिला. त्याला सर्वजण ‘ऑनेस्ट’ म्हणतात, पण त्या स्तुतीत वरून खाली पाहणाऱ्याची छटा आहे. पहिल्याच अंकात ऑथेल्लो त्याला हे विशेषण देऊन पत्नीला सायप्रसला पोचविण्याचे काम त्याच्यावर सोपवितो. पुढे तोच शब्द तो पत्नीपासून काढून घेतो. एकाच शब्दाच्या तराजूत दोन माणसे तोलली जातात, आणि तराजू इयागोच्या हाती असतो!

मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक आणले; १८९० साली देवलांच्या ‘झुंझारराव’ने त्याला रंगभूमीवर मराठी रूप दिले. पुढे शिरवाडकरांनीही ते मराठीत उतरविले. हे कार्य हाती घेणाऱ्या प्रत्येकापुढे एकच अडचण उभी राहते. इयागोला ‘प्रामाणिक’ आणि डेस्डिमोनेला ‘पतिव्रता’ म्हटले की, दोन्ही अर्थ बरोबर, पण नाटक दुभंगते. ‘प्रामाणिक पत्नी’ म्हणावे तर तिचे हिशेब चोख असल्याचा भास होतो. ‘भला’ शब्दात वरिष्ठाचा तो सूर नेमका सापडतो. ‘भली’ म्हटल्याने शीलाचा प्रश्न मात्र अनुच्चारितच राहतो.

आमच्या मते ‘इमानी’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. तो चाकराला लागतो, मित्राला लागतो, आणि पत्नीनेही इमान राखले वा सोडले असे म्हणता येते. सत्यवचनाचा अर्थ त्यात क्षीण आहे, हे मान्य. पत्नीला ‘इमानी’ म्हणण्यात तिला चाकराच्या पंक्तीस बसविल्याचा दोष येतो, हेही खरे. परंतु ऑथेल्लो शेवटी तेच करीत नाही काय? पत्नी असो वा निशाणबरदार, आपल्याशी इमान किती, या एकाच मापाने तो दोघांना मोजतो.

पत्नीचा वध केल्यावर तो इयागोच्याच बायकोला, एमिलियाला, तिच्या नवऱ्याविषयी तोच शब्द दोनदा उच्चारून सांगतो. त्या क्षणी ज्या अनुवादात प्रेक्षकाला मागचे सारे उच्चार एकदम आठवतील, तो अनुवाद साधला असे समजावे. अनुवादकाने अर्थ शंभर सांभाळावेत, पण शब्द एकच ठेवावा.