'ताबा' : एका शब्दाचे वाचन

निलंग्याच्या न्यायालयाबाहेर माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. घटस्फोट झालेला, सहा वर्षांचा मुलगा त्याच्या वडिलांकडे. हातातला टंकलिखित अर्ज तिने माझ्यापुढे धरला. 'मुलाचा ताबा मिळावा' या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "सर, पोरगं काय वावर हाय का, ताबा घ्यायला?" मग हळूच, "आन् समदे म्हनतेत, पाच वर्सं सरली, आता पोरगं बापाचंच."

जन्मभर मराठी शिकवूनही मी निरुत्तर झालो. तिचे दोन्ही प्रश्न मुळात वाचनाचे आहेत, असे मला वाटते.

निजामाच्या राजवटीत इथल्या न्यायालयांची भाषा उर्दू होती. ती गेली, अर्ज, वकील, पेशी हे शब्द राहिले. 'ताबा' मात्र साऱ्या महाराष्ट्राचा. 'ताबेदार' त्याच कुळातला. प्लॉटचा ताबा, ट्रॅक्टरचा ताबा आणि लेकराचाही ताबाच. सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाच्या नावाजवळ 'अ.पा.क.' ही अक्षरे दिसतात : अज्ञान पालन कर्ता. कायद्याच्या मराठीत अल्पवयीन मूल 'अज्ञान' ठरते आणि 'पालन' हा त्यातला एकमेव मायेचा शब्द एका अक्षरात आक्रसतो.

एका शब्दाच्या वाचनाने किती फरक पडतो, याचा दाखला १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमातच आहे. कलम ६ नुसार नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्या 'नंतर' आई. हे 'नंतर' म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर, असेच वर्षानुवर्षे वाचले गेले. कादंबरीकार गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९मध्ये न्यायालयाने 'नंतर'चा अर्थ 'अनुपस्थितीत' असा लावला. आणि वडील हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसतील, तर तीही अनुपस्थितीच. या निकालाला आधार होता तो जिजाबाई विठ्ठलराव गजरे विरुद्ध पठाणखान या १९७०च्या खटल्याचा. तो शेतजमिनीचा होता! वडील हयात, पण वेगळे राहणारे; अल्पवयीन मुलीचा सारा व्यवहार आईच बघत होती. म्हणून तिलाच नैसर्गिक पालक मानले गेले. कायद्यातला शब्द बदलला नाही, वाचणारे बदलले.

आता 'पाच वर्षां'चे. त्याच कलमात पाच वर्षे पूर्ण न झालेले मूल 'सामान्यतः' आईकडे असावे, असे म्हटले आहे. त्यानंतर ते आपोआप वडिलांचे होते, असे कुठेही म्हटलेले नाही. पुढे कलम १३ सांगते की मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार. गावगप्पांत कलम ६ पोचले, १३ वाटेतच राहिले. १९५५च्या हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २६ तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही मुलांविषयी अर्ज करू देते आणि आधीचे आदेश बदलूही देते.

त्या अर्जाकडे टीकाकाराच्या नजरेने पाहिले, तर त्याचा मोठा दोष नजरेत भरतो. तीन पाने नवऱ्याच्या दोषांची, मुलावर जेमतेम एक ओळ. तो कोणत्या शाळेत जातो, आजारी पडला की रात्री कोण जागते, कुणाजवळ झोपतो, काहीच नाही. ज्याच्या कल्याणावर निर्णय व्हायचा, तोच संहितेत गैरहजर.

असे लिहून घ्यायला पैसे लागतात, हाही एक गैरसमज. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येते.

ती समितीकडे गेली. नव्या अर्जात 'ताबा' राहिलाच. कायद्याची भाषा एका अर्जाने बदलत नाही. पण त्याखाली मुलाविषयी दीड पान आले. मुलगा कुणाकडे राहील ते न्यायालय ठरवील. निदान आता त्याला तो कागदावर भेटेल.