मंदाकिनीचा चेहरा आणि पंचवीसचा आकडा

‘कालिया मर्दन’च्या (१९१९) आरंभी कथा नाहीच. दादासाहेब फाळके आधी आपल्या लेकीचा, मंदाकिनीचा चेहरा दाखवतात. त्यावर एकामागून एक भाव उमटतात आणि मग पडद्यावरच त्या मुलीचा कृष्ण होतो. या मूकपटातला मला सर्वांत प्रिय भाग हाच. त्याची गोडी भावांपेक्षा एक भाव ओसरून दुसरा येतानाच्या वळणात आहे, आणि ते वळण डोळ्यांना सापडणं वेगावर अवलंबून आहे.

संगणकावर पाहताना फाइलच्या माहितीत सेकंदाला किती चित्रं यापुढं ‘२५’ असा आकडा दिसला, तर तो येतो कुठून? प्रत्येक चित्र पडद्यावर कधी यावं, याची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते. अशा फाइली तपासणारा एफएफप्रोब हा प्रोग्राम या नोंदींवरून दोन आकडे देतो. एक सरासरीचा: एकूण चित्रं भागिले एकूण कालावधी. दुसरा, साऱ्या वेळा अचूक बसतील असा कमीत कमी वेग. तो मात्र अंदाजच. मोबाइलवरच्या चित्रणात हे दोन आकडे पुष्कळदा जुळत नाहीत. अमेरिकी टीव्हीचा २९.९७ तर एफएफप्रोब ३००००/१००१ असा अपूर्णांकातच ठेवतो, म्हणजे लांबलचक चित्रफितीतही चूक साचत नाही. ही काटेकोर वृत्ती मला मनापासून आवडते.

पण फाळक्यांचा कॅमेरा हातानं फिरे. मूकपटांचा वेग साधारण सेकंदाला १६ ते २० चित्रांचा, तोही हातागणिक बदलणारा. २४ पक्के झाले ते बोलपटामुळे. सोळाच्या गतीनं टिपलेला सोळा मिनिटांचा प्रसंग पंचविसानं सोडला, तर सव्वादहा मिनिटांत आटोपतो. मूळ चाल राखायला मधेमधे तीच चित्रं पुन्हा घातली, तरी आकडा पंचवीसच. ही भर शोधायची तर एकेक चित्र पुढं सरकवावं लागतं.

काळ किती चित्रांत मावतो, हे फाळक्यांना पक्कं ठाऊक होतं. १९१२ साली त्यांनी थांबून थांबून एकेक चित्र टिपत वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवली होती. म्हणून भर न घातलेली, पंचविसाची प्रत मिळाली तर मंदाकिनीचा चेहरा मी ०.६४ वेगानं पाहीन, म्हणजे सोळाच्या चालीनं. कालिया नागाच्या फण्यावरच्या नाचाला मात्र ०.७२, म्हणजे अठराची चाल द्यावी; तिथं पावलांना थोडी घाई हवीच.