‘कुसुमानिल’मधली कुसुम बोलते

कंपनीची बस मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली होती आणि तो मेसेज पुन्हा एकदा आला. तुम्हालाही आला असेल. कवी अनिल घरी येतात, पत्नी कुसुम हे जग सोडून गेलेली असते, ते तिच्याजवळ बसतात आणि ‘अजुनी रुसून आहे’ लिहितात. खाली कुमार गंधर्वांनी गायलेल्या गाण्याची लिंक. त्याखाली रडणाऱ्या इमोजींची रांग.

मी चाकणला एका कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तिथे कुठला पार्ट कधी, कोणत्या मशीनवरून गेला याची नोंद वेळेसकट लागते. वेळ नसेल तर नोंद बाद. त्या सवयीने मी मेसेजमध्ये साल शोधलं. माझ्याकडे आलेल्या एकाही मेसेजमध्ये ते नव्हतं. मग कविता काढून शांतपणे वाचली. तिच्यात मृत्यू हा शब्दसुद्धा नाही. आहे तो अबोला, समजूत काढणं, आणि या वेळी समजूत पटत का नाही याचं कोडं. रुसवा हा जिवंत घरातला व्यवहार आहे. समोरचा आपली समजूत काढेल, या भरवशावरच माणूस रुसतो.

कुणी म्हणेल, मृत्यूच्या मौनालाच कवी रुसवा म्हणतोय. तसं वाचता येतं, आणि गाणं ऐकताना अंगावर काटाही येतो. माझं भांडण त्या अर्थाशी नाही. मला खटकतं ते वेगळंच. या मेसेजमुळे कुसुमावती देशपांडे लाखो फोनमध्ये फक्त एकच काम करतात : त्या गप्प राहतात.

आता या ‘गप्प’ बाईंचा हिशेब बघा. जन्म १९०४चा, अमरावतीचा, माहेरचं आडनाव जयवंत. लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजमधून इंग्रजी साहित्याची पदवी, १९२९ साली. पुढे नागपुरात अनेक वर्षं इंग्रजीच्या प्राध्यापक. ‘दीपकळी’ हा कथासंग्रह १९३४चा. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेणारं मोठं काम त्यांच्या नावावर आहे. समीक्षालेखांच्या पुस्तकाचं नाव ‘पासंग’. तराजूची दोन्ही पारडी सारखी व्हावीत म्हणून लावतात ते वजन म्हणजे पासंग. १९६१ साली ग्वाल्हेरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. तीन वर्षांपूर्वी मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष होते अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे. एकाच घरात दोन संमेलनाध्यक्ष! १९६१च्याच नोव्हेंबरमध्ये कुसुमावती गेल्या.

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९७२मध्ये, ‘कुसुमानिल’ छापलं गेलं. दोघांचा लग्नाआधीचा, १९२०च्या दशकातला पत्रव्यवहार. दोघं पुण्यात शिकताना भेटले, जाती वेगळ्या, लग्न झालं १९२९मध्ये. त्या काळात अशा जोडप्याला भेटायला जागा कुठली? कागद हीच जागा.

चिंचवडच्या एका वाचनालयातून मी ते पुस्तक आणलं आणि पंधरा दिवस बसमध्ये वाचलं. ‘प्रेमपत्रं’ म्हणून त्याची ओळख करून दिली जाते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. मला त्या पुस्तकाचं मोठेपण व्याकरणात दिसलं. प्रेमकवितेत कवी ‘मी’ असतो आणि प्रेयसी ‘तू’. ती सुंदर असते, रुसते, हसते, पण हे सगळं आपल्याला तोच सांगतो. पत्रात बाजू पालटते. कुसुमचं पत्र सुरू झालं की ‘मी’ ती असते, आणि मराठीत मुक्तछंद रुजवणारा, पुढे दहा ओळींची ‘दशपदी’ घडवणारा कवी फक्त पत्र वाचणारा माणूस उरतो. त्याला ऐकून घ्यावं लागतं. उत्तर द्यायचं तर तिच्या शब्दांना धरून द्यावं लागतं.

ही बांधणी वाटते तितकी सोपी मिळत नाही. जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांचंच घ्या. जीएंची सुनीताबाईंना लिहिलेली पत्रं त्यांच्या निवडक पत्रांच्या खंडात आहेत. सुनीताबाईंची बाजू ‘प्रिय जी. ए.’ या वेगळ्या पुस्तकात. संवाद ऐकायचा तर दोन पुस्तकं शेजारी उघडी ठेवून पानं जुळवत बसावं लागतं. ‘कुसुमानिल’मध्ये तो एकाच बांधणीत आहे. नावातसुद्धा कुसुम आधी येते.

पण याच तुलनेत ‘कुसुमानिल’ची दुखरी जागाही दिसते. ‘प्रिय जी. ए.’ आलं तेव्हा सुनीताबाई हयात होत्या. आपली पत्रं लोकांसमोर ठेवण्याचा निर्णय त्यांना घेता आला. ‘कुसुमानिल’ आलं तेव्हा अनिल होते, कुसुमावती नव्हत्या. इंग्रजीत रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्राउनिंग यांची लग्नाआधीची पत्रं १८९९मध्ये त्यांच्या मुलाने छापली. तेव्हा तर दोघंही नव्हते. विशीतल्या मुलीने एकाच माणसासाठी लिहिलेलं पत्र मी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये वाचावं का? वाचताना हा प्रश्न मला सुटला नाही. इतकं मात्र वाटतं : पत्रं फक्त अनिलांची छापली असती, तर तो अन्याय जास्त मोठा झाला असता.

दुसरी उणीव वाचकाच्या बाजूची. ही पत्रं लग्नाच्या अलीकडे थांबतात. पुढची बत्तीस वर्षं, म्हणजे नोकऱ्या, शिकवणं, लिहिणं आणि खरेखुरे रुसवेफुगवे, या पुस्तकात नाहीत. एका छताखाली राहणारी माणसं एकमेकांना कशाला पत्रं लिहितील? त्या रिकाम्या जागेत मग कविता शिरते, आणि कवितेच्या मागून मेसेज.

आता माझं सांगतो, कारण त्याशिवाय हे पुस्तक मला एवढं का लागलं ते कळणार नाही. माझी आणि तिची जात वेगळी आहे. तिच्या भावाने एकदा तिचा फोन उघडला, त्यानंतर आम्ही आपोआप पुसले जाणारे मेसेज सुरू केले. चोवीस तास, मग सगळं साफ. दीड वर्ष असं चाललंय. मागच्या महिन्यात भांडताना मी म्हणालो, “तूच म्हणाली होतीस की घरी सांगायची घाई नको.” ती म्हणाली, “मी असं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, एकटीने सांगायची माझी तयारी नाही.”

स्क्रोल करून बघावं, तर वर काहीच नाही. आणि या दोन वाक्यांत केवढा फरक आहे! दीड वर्ष मी तिचं वाक्य माझ्या सोयीच्या शब्दांत मनात ठेवून वागत होतो. ती भित्री आहे, अशी माझी खात्रीच झाली होती. मेसेज पुढे ढकलणाऱ्या लोकांनी कुसुमावतींचं जे केलं, ते मी माझ्या माणसाचं करत होतो, तेही ती समोर असताना.

म्हणून तो मेसेज पुन्हा आला तर गाणं जरूर ऐका, ते थोरच आहे. पण नंतर ‘कुसुमानिल’ शोधा आणि त्यात आधी कुसुमची पत्रं वाचा. अनिलांची कविता आपल्याला पाठ आहे. पासंग लागतोय तो दुसऱ्या पारड्याला.

पुस्तक परत करायची तारीख शुक्रवारची होती. मी ती वाढवून घेतली आणि पुस्तक तिला दिलं. सोबत एक पत्र ठेवलंय, कागदावर, पेनाने लिहिलेलं. त्यात तिचं ते वाक्य तिच्याच शब्दांत आहे, आणि खाली तारीख घातली आहे.