हलत्या पानांचीं पुस्तकें

बालवाङ्मयाची चर्चा निघाली म्हणजे आमच्यांतील पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ जाड पुठ्ठ्याच्या पानांचीं, झडपा उघडणारीं व पट्टी ओढतांच चित्र हलविणारीं पुस्तकें खेळण्यांत जमा करून मोकळे होतात. असल्या वस्तूचें परीक्षण तें काय करावयाचें, असाहि प्रश्न कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, पुस्तक म्हणजे काय याची पहिली कल्पना ज्या वयांत मनावर ठसते, त्या वयाचीं पुस्तकें तर अधिकच कसोशीनें पारखलीं पाहिजेत.

हा प्रकार मुळांत मुलांसाठीं जन्मास आला नाहीं. तेराव्या शतकांत मॅथ्यू पॅरिस या इंग्रज मठवाशानें आपल्या ग्रंथांत ईस्टरचा दिवस काढण्यासाठीं फिरतें चक्र बसविलें. लंडनच्या रॉबर्ट सेयरनें झडपांचीं चित्रपुस्तकें काढलीं तीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. पुढें म्यूनिकच्या लोथार मेग्गेनडोर्फर (१८४७–१९२५) यानें या कलेवर कळस चढविला. दोन कागदांच्या मध्यें लपविलेल्या पट्ट्या तांब्याच्या बारीक तारेनें जोडून त्यानें अशी योजना केली कीं, एक टोक ओढलें असतां एकाच चित्रांतील हात, पाय, डोळे निरनिराळ्या गतीनें हलावे. त्याचें कौशल्य पाहून आम्ही थक्क होतों. परंतु थक्क होणारा तो प्रेक्षक असतो, वाचक नव्हे.

वाचक घडविण्याचें काम आमच्या मतें त्याहून साध्या पुस्तकांनीं केलें. एरिक हिल या इंग्रज चित्रकाराचें 'व्हेअर इज स्पॉट?' हें १९८० सालचें पुस्तक घ्या. कुत्र्याचें पिल्लूं जेवावयास आलें नाहीं म्हणून आई त्यास शोधते. दाराआड आहे काय? झडप उघडावी तों अस्वल! घड्याळांत साप, पलंगाखालीं सुसर. येथें छापील शब्द प्रश्न विचारतात आणि बालकाचा हात उत्तर शोधतो. झडप काढून टाकली तर वाक्यच अपुरें राहील. रॉड कॅम्पबेल याच्या 'डिअर झू' (१९८२) मध्येंहि प्राणिसंग्रहालयाहून आलेली पेटी उघडल्यावांचून कथा पुढें सरकत नाहीं. हीच आमची कसोटी: हालचाल ही वाक्याचें क्रियापद असावी, त्यास चिकटविलेलें विशेषण नसावी.

यावर आक्षेप असा कीं, एकदां गुपित फुटल्यावर पुस्तकांत उरतें काय? पण कीर्तनांत प्रल्हादाचें आख्यान ऐकणाऱ्या श्रोत्यास शेवट ठाऊक नसतो थोडाच! स्तंभांतून नरसिंह प्रकटणार हें ठाऊक असल्यामुळेंच तो सरसावून बसतो. दोन वर्षांचें मूलहि साप घड्याळांतच आहे हें पुरतें जाणून दहाव्यांदां झडप उघडतें व तितक्याच आनंदानें हसतें. पुस्तकानें दिलेला शब्द पाळला, हा तो आनंद होय. वाङ्मयावरील विश्वासाचा उगम आम्हांस तेथेंच दिसतो.

याच कसोटीस अलीकडील कळ दाबतांच प्राण्याचा आवाज काढणारीं पुष्कळ पुस्तकें उतरत नाहींत. कळ कोणत्याहि पानावर दाबा, गाय हंबरतेच. मग पान उलटावें कशाला? उलट डोरोथी कुनहार्टच्या 'पॅट द बनी' (१९४०) मध्यें सशाची मऊ लव व वडिलांची खरखरीत दाढी यांखेरीज फारसें कांहीं नाहीं; तरी तेथील शब्द बोटास जें करावयास सांगतो, तेंच बोटास भेटतें. शब्द आणि अर्थ यांची गांठ इतक्या थोडक्यांत घालून देणारें पुस्तक विरळा.

शेवटीं दोष आमच्याहि पदरीं आहे. महागाचें पुस्तक फाटेल म्हणून आम्ही तें उंच फळीवर ठेवतों, किंवा मांडीवर घेऊन झडपा स्वतःच उघडून दाखवितों. म्हणजे मुलाचें वाचन आम्हीच करून टाकतों. झडप फाटणारच, ती चिकटवावी आणि पुस्तक पुन्हां त्याच हातांत द्यावें. कोरेंकरकरीत राहिलेलें बालपुस्तक पाहून आम्हांस समाधान वाटत नाहीं. तें वाचलें गेलें नाहीं, एवढेंच कळतें.