‘लिफ्ट’ म्हणतात, पण उचलतात काय? : एका जाहिरातीची समीक्षा



आजच्या व्याख्यानाचं नाव पत्रिकेवर छापताना आयोजकांची पंचाईत झाली होती. ‘नितंबांची कॉस्मेटिक सर्जरी’ असं घुग्घुसच्या चौकातल्या फलकावर लिहायचं कसं? शेवटी ‘सौंदर्यशस्त्रक्रियेच्या जाहिरातींची भाषा’ असं छापलं. तेही बरोबरच आहे. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर भाषा शिकवली. त्यामुळे ऑपरेशन करावं की नाही, हे सांगायला मी उभा नाही. एखादी कविता आपण जशी ओळीओळीने तपासतो, तशी ही जाहिरात तपासू.

विषय सुचला तो भाचीमुळे. ती नागपूरला शिकते. दिवाळीत घरी आली तेव्हा मोबाईल पुढे धरून म्हणाली, “मामा, हे बघा ना. पोटाची चरबी काढतात आणि मागे भरतात. एका दगडात दोन पक्षी.” मी विचारलं, “आणि जोखीम काय?” तिने तीस सेकंदांचा तो व्हिडिओ दोनदा पाहिला. त्यात जोखमीचा शब्दच नव्हता. मग म्हणाली, “जोखीम असती तर लिहिली नसती का?” मंडळी, हाच प्रश्न मला इथे घेऊन आला. कारण वाचणारा असं धरून चालतो की जे लिहिलं नाही, ते नाहीच.

आधी शब्द पाहू. आपल्या बोलीत या अवयवाला शब्दांची कमी नाही. बूड आहे, ढुंगण आहे, कुल्ले आहेत. वाक्प्रचार पाहा: बूड टेकायला जागा नाही, याचं बूड एका जागी ठरत नाही, ढुंगणाला पाय लावून पळाला. सगळीकडे बसणं आहे, पळणं आहे, काम आहे. दिवसभर डंपर चालवणाऱ्याला आणि धानाच्या बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाईला हा अवयव कामातूनच कळतो. शरीरशास्त्रही तेच सांगतं. इथला मोठा स्नायू हा शरीरातला सर्वांत मोठा स्नायू. खुर्चीवरून उठायला, जिना चढायला तो लागतो.

संस्कृतात मात्र नितंब म्हणजे डोंगराचा उतारही. तिथे नजर आकारावर आहे. आणि ही नजर परकी नाही, बरं का. आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेकाठी मार्कंडादेवला जा. तिथल्या भिंतींवरच्या सुरसुंदरी पाहा. भार एका पायावर, कंबर एका बाजूला झुकलेली, म्हणून तो गोलवा उठून दिसतो. म्हणजे सुडौल शरीराची आवड आत्ताच मोबाईलवरून आली, असं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. आवड जुनीच आहे. फरक एवढाच की शिल्पकाराने चूक केली तर दगड फुटतो. दगडाला शिरा नसतात.

आता जाहिरातीतला मुख्य शब्द घेऊ: ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’, थोडक्यात बीबीएल. लिफ्ट म्हणजे उचलणं. या शस्त्रक्रियेत उचलतात काय? काहीच नाही. पोट, कंबर किंवा मांडीतली चरबी नळीने ओढून काढतात, स्वच्छ करतात आणि सुईसारख्या जाड नळीने मागे भरतात. हे चरबीचं स्थलांतर झालं. गंमत अशी की इव्हो पितांगी या ब्राझीलच्या नामवंत सर्जनांनी १९६४ साली जी पद्धत मांडली, तिच्यात मांडीच्या वरची जादा चरबी आणि कातडी खरोखर कापून काढलेली होती, आणि तिचा व्रण राहत होता. आजही खरी ‘लिफ्ट’ करतात. खूप वजन उतरल्यावर कातडी लोंबते, तेव्हा. तिथे लांब व्रण येतो. म्हणजे जाहिरातीने नाव घेतलं त्या शस्त्रक्रियेचं, आणि व्रण तेवढा गाळला.

बाकीचे पर्यायही याच पद्धतीने वाचता येतात. ‘इम्प्लांट’ म्हणजे सिलिकॉनचा घट्ट तुकडा स्नायूत किंवा स्नायूच्या आवरणाखाली बसवणं. १९६९ साली पहिल्यांदा याची नोंद झाली, तेव्हा चक्क छातीसाठी बनवलेलं इम्प्लांट वापरलं होतं. जंतुसंसर्ग, पाणी साचणं, टाके उसवणं, तुकडा सरकणं या त्याच्या ठाऊक असलेल्या अडचणी. आणि विचार करा, जखम कुठे आहे? ज्यावर माणूस बसतो तिथे. ‘बिनऑपरेशनचं इंजेक्शन’ हा शब्द सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. त्या सुईत पातळ सिलिकॉन असेल तर ते जागेवर राहत नाही, शरीरात पसरतं, गाठी होतात आणि पूर्ण काढता येत नाही. अशी सुई कोणी पार्लरमध्ये किंवा खोलीवर टोचत असेल, तर तिथून ढुंगणाला पाय लावून पळायचं.

आता जाहिरातीचा आवडता अलंकार: ‘तुमचीच चरबी, म्हणून नैसर्गिक.’ यातला ‘म्हणून’ तपासा. चरबी तुमची आहे हे खरं. पण ती जिथे होती तिथे नैसर्गिक होती. नितंबाच्या स्नायूत आणि त्याच्या खाली मोठ्या शिरा आहेत. भरताना नळी खोल गेली, शीर फाटली आणि चरबी आत शिरली, तर ती रक्ताबरोबर हृदयात आणि फुप्फुसात जाते. माणूस टेबलावरच दगावू शकतो. २०१८ साली प्लास्टिक सर्जनांच्या अनेक संघटनांच्या कृतिगटाने या शस्त्रक्रियेत मृत्यूचा अंदाज सुमारे ३,००० त एक असा सांगितला. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेत हा आकडा फार मोठा. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या संघटनेने आपल्या सर्जनांना ही शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं. २०२२ मध्ये वाट पुन्हा थोडी उघडली ती अटीवर: चरबी फक्त कातडीखालच्या थरात, स्नायूच्या वर, आणि नळी कुठे आहे ते सोनोग्राफीवर बघत.

म्हणजे सगळा खेळ खोलीचा आहे. काही मिलिमीटर वर की खाली, एवढाच. आणि जाहिरातीतले दोन्ही फोटो, ‘आधी’ आणि ‘नंतर’, खोली दाखवूच शकत नाहीत. ते फक्त कडेची रेषा दाखवतात. भरलेल्या चरबीतली काही शरीर शोषून घेतं, हे त्यात नसतं. काही आठवडे नीट बूड टेकता येत नाही, हेही नसतं. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. जाहिरात खोटं बोलते असं मी म्हणत नाही. ती आकार सांगते आणि खोली गाळते.

याहून चांगलं लिहिता येत नाही का? येतं, आणि त्याचा नमुना आपल्याच राज्यातला आहे. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा मराठी गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवं नाक बसवलं. ती हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. तो मजकूर पाहा. मेणाचा साचा कसा केला, तो कपाळावर ठेवून रेघ कशी ओढली, कातडी कुठून सोडवली, दोन डोळ्यांमध्ये ती का जोडलेली ठेवली, माणूस किती दिवस उताणा निजला, सगळं दिलं आहे. सोबतच्या चित्रात कपाळावरची खूणही दिसते. नवं काय मिळालं आणि ते कुठून घेतलं, दोन्ही एकाच पानावर. तो वाचूनच पुढे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली तशी शस्त्रक्रिया केली. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या त्या मजकुराला जे जमलं, ते आजच्या जाहिरातीला जमू नये?

इथे कोणी म्हणेल, सर, तिचं शरीर, तिचा पैसा, तुम्ही कोण? खरं आहे. हौस असणं गुन्हा नाही. कुणाचं वजन उतरून कातडी लोंबलेली असते, कुणाला अपघाताची खूण नकोशी असते. पण निवड तेव्हाच तिची, जेव्हा तिला पूर्ण माहिती असते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात हेच सांगितलं: संमती म्हणजे नुसती सही नव्हे, उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, हे रुग्णाला पुरेसं सांगितलेलं हवं. जाहिरात कायद्याने संमतीपत्र नसेल, पण मन ती आधीच वळवते. सहीची वेळ येते तेव्हा ॲडव्हान्स भरलेला असतो.

आणखी एक गोष्ट या गावात बोलायला हवी. घुग्घुस कोळशाचं, सिमेंटचं गाव. कंबरेचा मणका दुखावून खाटेला खिळलेली माणसं आपण पाहिली आहेत. सतत पडून राहिल्याने त्यांना नेमक्या याच जागी जखमा होतात, हाडापर्यंत. त्या बुजवायला प्लास्टिक सर्जन नितंबाचाच स्नायू आणि कातडी फिरवून बसवतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला, तो देशातल्या सुरुवातीच्या विभागांपैकी एक. तीच विद्या, तोच अवयव. पण या शस्त्रक्रियेचं रील कुणाच्या मोबाईलवर येत नाही. ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हटलं की आपल्या पोरांना हौसच आठवते, उपचार आठवत नाही. जाहिरातीने शब्दाचा अर्थ असा अर्धा करून ठेवला आहे.

भाचीला मी नको म्हटलं नाही. चार प्रश्न लिहून दिले. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीतले एम.सीएच. किंवा डी.एन.बी. आहेत का, आणि वैद्यकीय परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का? चरबी कोणत्या थरात भरणार, आणि सोनोग्राफी लावणार का? भूल देणारा तज्ज्ञ आणि अतिदक्षतेची सोय तिथेच आहे का? पुढे काही बिघडलं तर कोण बघणार, आणि खर्च कुणाचा? तिने फोनवर विचारले. पहिल्याचं उत्तर आलं, दुसऱ्याला “मॅडम, तुम्ही आधी भेटायला या” असं सांगितलं. ती अजून गेलेली नाही. गेली तर प्रश्नांचा कागद घेऊन जाईल, एवढं मला पुरे आहे.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. शब्द सापडत नसेल तर आपल्या बोलीतलाच वापरा, लाजायचं काही नाही.